एकशे अडुसष्ट तास आणि सहासष्ट अक्षरं

माझ्या दुकानात काउंटरच्या मागे एक पाटी आहे. तिच्यावर मी स्वतःच्या हातानं लिहिलंय : 'कुलूप काढलं की आतलं सगळं पुसतं. आधी विचार करा, मग टॅब द्या.' पाटीखाली एक स्टूल आहे. गिऱ्हाईक त्यावर बसतं, पाटीकडे पाठ करतं आणि विचारतं, "पुसणार तर न्हाई ना काही?"

नांदेडात माझं मोबाइल आणि टॅब दुरुस्तीचं दुकान आहे. आठ फूट बाय दहा फूट. त्याआधी अकरा वर्षं लातूरला होतो. या धंद्यात एकूण एकोणीस वर्षं झाली. माझं नाव शिवराज, पण उदगीरकडचा असल्यामुळे सगळे आप्पा म्हणतात. वर्षाला साधारण हजार-बाराशे यंत्रं हातून जातात. त्यातली नव्वद टक्के काच, बॅटरी नाहीतर चार्जिंगची पिन एवढ्यावर भागतात. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उरलेली दहा टक्के 'सॉफ्टवेअर मारून द्या' या सदरातली. हा लेख त्यांच्याबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकाच टॅबबद्दल आहे.

आधी सॉफ्टवेअर मारणं म्हणजे काय ते सांगतो. टॅब चालू केल्यावर जे पडद्यावर येतं, जे बोटाचं ऐकतं, अ‍ॅप उघडतं आणि मिटतं, ती त्या यंत्राची मूळ प्रणाली. कंपनी तिची नवी आवृत्ती पाठवत राहते. ती आपोआप येते आणि बसते. पण 'मला जुनीच बरी होती' असं म्हणून मागे जायचं म्हटलं की दार बंद. टॅबच्या पोटात एक कुलूप असतं. चालू होताना ते बघतं, की बसवलेली प्रणाली कंपनीनं मान्य केलेली आहे का. नसेल तर टॅब चालू होत नाही. म्हणजे घर तुम्ही विकत घेतलंत, खरेदीखत तुमच्या नावावर, पण आतली भिंत कुठं पाडायची हे बिल्डरला विचारायचं.

कंपनीला शिव्या घालणारे माझे पुष्कळ धंदेबंधू आहेत. मी त्यांच्यातला नाही. त्या कुलपामुळे चोरलेला टॅब चोराला सहजी वापरता येत नाही, बँकेचं अ‍ॅप सुरक्षित राहतं. एकदा एक गृहस्थ टॅब घेऊन आले. आधीच्या मालकाचं खातं त्यात अडकलेलं होतं, ते काढून पाहिजे होतं. मी पावती मागितली.

"पावती घरी हाय, आप्पा."

"मग घेऊन या."

"घर लई लांब हाय."

"मग आधीच्या मालकाला फोन लावा, तो पासवर्ड सांगेल."

"त्याचा नंबर न्हाई माझ्याकडं."

"मग त्याचा टॅब तुमच्याकडं कसा?"

गृहस्थ टॅब घेऊन जे गेले ते परत आले नाहीत. घर खरंच लांब असावं.

पण कुलूप दोन्हीकडून लागतं, हेही खरं. लातूरला असताना एका क्लासनं मुलांना टॅब दिले होते. त्यात क्लासचं अ‍ॅप सोडून दुसरं काही उघडायचं नाही अशी बंदी केलेली. टॅबची किंमत पालकांनी फीबरोबर भरलेली. दोन वर्षांनी तो क्लास बंद पडला, बंदी उठवणारं कोणी उरलं नाही. निलंग्याकडचे एक शेतकरी असा टॅब फडक्यात गुंडाळून घेऊन आले.

"आप्पा, पोरगी डॉक्टरकीला लागली. आता ह्याच्यात मला बाजारभाव बघायचाय. तर हे भौतिकशास्त्रच शिकवायलंय."

त्या मॉडेलचं कुलूप कंपनी काढूच देत नव्हती. मी तीन दिवस खटपट केली आणि टॅब परत दिला. पैसे घेतले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "असू द्या. आता भौतिकशास्त्रच शिकतो." असे टॅब त्या वर्षी माझ्याकडे त्रेचाळीस आले. त्यातले सव्वीस सुटले, सतरा सुटले नाहीत. सतराही पालकांची तोंडं आठवतात, म्हणून आकडा पक्का आहे.

आता सुंदरमावशींचा टॅब.

पोळा होऊन तीन दिवस झाले होते. साठीच्या एक बाई दुकानात आल्या. हातात पिशवी, पिशवीत टॅब. तो काउंटरवर ठेवताना काचेवर टकटक आवाज झाला, कारण त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. त्यांनी हात पटकन पदराखाली घेतले. माहूरहून हदगावमार्गे साडेतीन तास एसटीनं आल्या होत्या. गडाच्या पायथ्याशी त्यांचं भांड्यांचं दुकान. रेणुकादेवीच्या दर्शनाला आलेली माणसं तांब्या, ताम्हण, डबा घेतात आणि त्यावर नाव घालून घेतात. ते नाव घालणं हाच मावशींचा खरा धंदा. सदतीस वर्षं त्या विजेच्या लेखणीनं स्टीलवर नावं कोरत होत्या.

"मग हाताला कंप सुटला," त्या म्हणाल्या. "आधी उजव्या, मग डाव्या. एक जण यंत्र विकायला आला होता. टॅबवर नाव लिहायचं, यंत्र भांड्यावर कोरते. म्या म्हटलं, यंत्राचं अक्षर मला न्हाई पाहिजे. तो म्हणे, मावशी, तुमचंच अक्षर ह्याच्यात घालून देतो."

त्या माणसानं अकरा दिवस बसून मावशींकडून एकेक अक्षर टॅबवर काढून घेतलं होतं. तेव्हा कंप नुकता सुरू झाला होता. सकाळी हात जरा स्थिर असायचा, तेवढ्यात पाच-सहा अक्षरं व्हायची. स्वर दहा, व्यंजनं क्ष आणि ज्ञ धरून चौतीस, काना-मात्रा-वेलांट्या-अनुस्वार मिळून दहा, आकडे दहा, एक 'श्री' आणि नावाच्या शेवटी काढायचं एक विड्याचं पान. देवीचा प्रसाद विड्याचा, म्हणून ते पान ही मावशींच्या दुकानाची खूण. एकूण सहासष्ट. जोडाक्षरं यंत्र आपली आपण जुळवायचं.

चार वर्षं ते यंत्र मावशींच्या हातानं लिहीत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी टॅब चार्जिंगला लावलेला असताना नवी प्रणाली आपोआप येऊन बसली. त्यानंतर कोरायचं अ‍ॅप उघडायचं आणि लगेच मिटायचं. यंत्र विकणाऱ्याचा फोन बंद. घटस्थापनेला सत्तावीस दिवस होते. नवरात्राच्या नऊ दिवसांत मावशींची वर्षभरातली निम्मी नावं होतात.

मी त्यांना नेहमीप्रमाणे समजावून सांगितलं. जुनी प्रणाली घालावी लागेल. त्यासाठी कुलूप काढावं लागेल. या कंपनीची रीत अशी, की आधी तिच्याकडे अर्ज करायचा, मग एकशे अडुसष्ट तास थांबायचं, मग ती कुलूप काढू देते. आणि कुलूप निघताक्षणी टॅबमधलं सगळं पुसलं जातं.

"एकशे अडुसष्ट म्हंजे किती दिवस?"

"सात."

"कायले? कंपनीच्या घरी सुतक हाय का?"

"चोरानं घाईनं उघडू नये म्हणून."

"अन् माझी अक्षरं?"

माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाला मी विचारतो, काय गेलं तर तुम्हाला रात्री झोप येणार नाही, ते मोठ्यानं सांगा. ते मी वहीत लिहितो. बहुतेक जण 'फोटो' म्हणतात. मावशी म्हणाल्या, "अक्षरं तेवढी राहू द्या, भाऊ. बाकी काय जायचं ते जाऊ द्या." मी तसंच लिहून घेतलं.

टॅब वायरनं संगणकाला जोडला. अ‍ॅप उघडत नव्हतं, तरी ते उचलून बाजूला ठेवता आलं. मग 'अक्षरे' नावाचं एक खणासारखं दालन दिसलं. त्यात फायली होत्या. मोजल्या, सहासष्ट. नावं अ पासून ज्ञ पर्यंत, मग काना-मात्रा, मग आकडे, 'श्री', 'पान'. सगळ्या उतरवून घेतल्या, दुसऱ्या ठिकाणी एक प्रत ठेवली. वहीत लिहिलं : ६६ फायली, प्रत्येकी ४ केबी, दोन प्रती. मावशींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला काय कळते त्याच्यातलं? तुम्ही म्हणता तर हाय." आणि पाच वाजताच्या गाडीनं गेल्या.

नंतरचे सात दिवस रोज सकाळी त्यांचा फोन.

"शिजलं का, भाऊ?"

"अजून सत्त्याण्णव तास, मावशी."

"बैलाले बी एवढं थांबायला सांगत न्हाई कोणी."

आठव्या दिवशी तास भरले. मी कुलूप काढलं. टॅब पुसला गेला. जुनी प्रणाली घातली, अ‍ॅप घातलं, ते उघडलं आणि टिकलं. मला फार बरं वाटलं. मग सहासष्ट फायली परत त्यांच्या जागी ठेवल्या आणि 'अ' उघडला.

कोरा चौकोन.

'आ' उघडला, कोरा. 'क', 'ख', 'ग', कोरे. सहासष्टच्या सहासष्ट फायली म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या होत्या. आतला माल दुसरीकडे, अ‍ॅपच्या स्वतःच्या कोठडीत होता. त्या कोठडीत बाहेरच्याला हात घालता येत नाही, तेही कंपनीचंच बंधन. आणि कोठडी मी सकाळी पुसली होती.

मी वही काढली. '६६ फायली, प्रत्येकी ४ केबी.' माझ्याच अक्षरात लिहिलेलं. एका काठीचा 'काना' आणि तीन गाठींचा 'क्ष' यांचं वजन सारखं कसं असेल? वही मला आठ दिवस आधीच सांगत होती. मी आकडा जुळला म्हणून खूश झालो आणि एकही फाईल उघडून बघितली नाही. अ‍ॅप चालत नव्हतं म्हणून उघडता आली नसती, हे खरं. पण शंका यायला काय हरकत होती? शंका आली असती तर कुलूप काढण्याआधी मावशींना सांगता आलं असतं, की अक्षरं वाचतील याची मला खात्री नाही. मग त्यांनी ठरवलं असतं. ते ठरवायचा हक्क मी त्यांच्याकडून काढून घेतला. एकोणीस वर्षांत माझ्या हातून यंत्रं मेली आहेत, आठ की नऊ. त्यांची भरपाई देता येते. याची कशानं देणार?

फोनवर सांगायचं धैर्य झालं नाही. खरं तर धैर्य फोनलाच कमी लागलं असतं, पण ते योग्य वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी टॅब घेऊन पहिल्या गाडीनं माहूरला गेलो.

मावशींनी ऐकून घेतलं. टॅब यंत्राला जोडला, यंत्र सुरू झालं. त्यांनी एक वाटी त्यात ठेवली आणि बोटानं चाचपडत 'रेणुका' लिहिलं. अ‍ॅपमध्ये मूळची जी अक्षरं होती त्यात ते कोरलं गेलं. वाटी हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ नेली.

"रेल्वेच्या पाटीवानी दिसते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फळीवरून जुनी विजेची लेखणी काढली आणि वाटी उलटी करून मागच्या बाजूला 'म' काढायला घेतला. लेखणी स्टीलवरून तडतडत घसरली. 'म' च्या जागी कोंबडीनं उकरल्यासारखं काहीतरी झालं. त्यांनी लेखणी बंद केली.

"चहा घेता का?"

"मावशी, माझं चुकलं. मी बघायला पाहिजे होतं."

"चुकलं तर चुकलंच. चहाचं काय चुकलं?" चहा आला. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लोकं नाव घालायला कुठं बी घालतील हो. माझ्याकडं येतात ते अक्षरासाठी. पोरगी सासरी गेली तरी तांब्या पाहून सांगते, हा माहूरचा हाय. आता ह्या पाटीवाल्या अक्षराचं कोण काय सांगणार?"

काही जमतं का बघतो म्हणून टॅब परत घेऊन घरी आलो, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. माझी बायको महादेवी उदगीरची आहे. माहेर कर्नाटकच्या हद्दीला लागून, त्यामुळे चिडली की कानडीत पुटपुटते आणि खूश असली की मराठीत बोलते. तिनं ताट वाढलं. मी जेवेना. काय झालं ते सांगितलं. ती ऐकत ऐकत तांब्यातलं पाणी माझ्या पेल्यात ओतत होती. ओतता ओतता थांबली. तांब्या तिनं माझ्या ताटासमोर आदळला. पाणी भाजीत.

"अहो, अक्षरं गेली म्हणून बसलात. ही काय हायेत मग?"

तांब्याच्या गळ्याखाली कोरलं होतं : 'सौ. महादेवी शिवराज', लग्नाचं साल, आणि शेवटी विड्याचं पान.

लग्न झाल्यावर आम्ही माहूरला गेलो होतो. त्या तांब्यानं मी चोवीस वर्षं पाणी प्यायलो. पान रोज दिसत होतं. मावशींच्या टॅबवर ते पान आहे असं त्या स्वतः माझ्या काउंटरवर बसून सांगत होत्या, तेव्हाही मला तांब्या आठवला नाही.

महादेवी मोजू लागली, पण मोजणं हे माझं काम. स, म, ह, द, व, श, र, ज, ही आठ. काना, मात्रा, पहिली आणि दुसरी वेलांटी, 'सौ' चा काना आणि दोन मात्रा, ही पाच. सालातले वेगळे आकडे तीन. पान एक. सतरा. सहासष्टातून सतरा गेले, राहिले एकोणपन्नास.

"बाकीची गावात हायेत," ती म्हणाली. "महालक्ष्म्या उठून चार दिवस न्हाई झाले. बायकांची माळ्यावरची भांडी अजून खालीच हायेत. दोन दिवसांत वर जातील. उठा."

मी जेवून उठलो. मग मात्र भाकरी गोड लागली.

घरातल्या सात भांड्यांवर एकतीस अक्षरं निघाली. आमच्या गल्लीत बावन्नपर्यंत गेलो. प्रत्येक घरात तोच संवाद. महादेवी पुढं, मी मागं मोबाइल घेऊन.

"काकू, माहूरचं भांडं हाय का?"

"हाय की. कायले पाहिजे?"

"फोटो काढायचाय."

"भांड्याचा? आमचा न्हाई का?"

फोटोची एक अडचण होती. स्टील चमकतं, कोरलेलं नीट येत नाही. मी कागदाचे आडोसे केले, दिवे फिरवले. महादेवीनं मला बाजूला केलं, देव्हाऱ्यातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि अक्षरांवर चोळून वरचं पुसून टाकलं. कोरलेल्या रेघांत कुंकू बसलं. पांढऱ्या स्टीलवर लाल अक्षर इतकं स्वच्छ दिसलं, की मी माझे दोन दिवे मुकाट्यानं पिशवीत ठेवले.

दुकानात पाटीशेजारी दुसरा कागद लावला : 'विड्याचं पान असलेलं माहूरचं भांडं दाखवा, टॅबच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर लावायची काच-पट्टी फुकट.' सहा दिवसांत अडतीस भांडी आली. ज्ञानोबांचा डबा आला, ठकूबाईंचं ताम्हण आलं, ऊर्मिलाच्या रुखवतातली परात रिक्षातून आली. छाया नावाच्या तर चार. एक जण पान नसलेलं भांडं घेऊन आला आणि म्हणाला, "पान घासून गेलंय, आप्पा." त्यालाही पट्टी दिली. वहीत सहासष्ट चौकटी आखल्या होत्या. रोज खुणा करत होतो. चौसष्ट भरल्या. राहिले दोन, 'ऐ' आणि 'झ'.

'ऐ' चं महादेवीनं सोडवलं. मावशींच्याच 'ए' वर मावशींचीच मात्रा ठेवली. 'झ' मात्र कशातूनही होईना. झ वरून नाव कोणाचं असतं? मी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. शेवटी धर्माबादचं एक जुनं गिऱ्हाईक, मिरचीचा व्यापारी, फोनवर म्हणाला, "आमच्या आईचं नाव झुंबरबाई हाय की. पण ती भांडं घराभायेर जाऊ देत न्हाई."

रेल्वेनं धर्माबादला गेलो. गावात शिरतानाच मिरचीनं ठसका लागला. झुंबरबाई ऐंशीच्या पुढच्या, ओसरीत बाजेवर बसलेल्या. पायाशी पितळी डबा, झाकणावर नाव.

"कुंकू लावणार म्हंता ह्याला?" त्यांनी विचारलं.

"हाव आई. अक्षर दिसावं म्हणून."

"अन् मंग?"

"मग ते माहूरच्या यंत्रात घालायचं."

त्यांनी डबा जरा पुढं सरकवला. "दावते. पर एक भांडं माझ्या नावाचं नवं पाहिजे. मी गेले की हे न्यायचं म्हणून सुना टपल्यात. नवं त्यांच्यासाठी नको. मला माझं पाहिजे."

मी कबूल केलं. डब्यावरचं पान जरा वेगळं वाटलं, देठ डाव्या अंगाला होता. पण 'झ' सुरेख होता. त्याची गाठ एकाच झटक्यात घातलेली. मी फोटो घेतला आणि चौकटीत खूण केली. अकरा दिवसांत सहासष्ट.

मग चार दिवस महादेवी बसली. फोटो टॅबवर लावायचा आणि त्यावरून पेननं अक्षर गिरवायचं. माझा हात स्क्रूचा, तिचा रांगोळीचा. मी फक्त शेजारी बसून प्रत्येक अक्षर जतन झालं का, ते बंद करून पुन्हा उघडतं का, एवढं बघत होतो. उघडल्याशिवाय पुढचं घेऊ देत नव्हतो. ती वैतागली, कानडीत काहीतरी बोलली. मी तरीही उघडत राहिलो.

घटस्थापनेला तीन दिवस असताना दोघं माहूरला गेलो. बाजारात मंडप लागत होते. मावशींनी महादेवीला आत बसवलं, तिच्या हातातला तांब्या घेऊन उलटासुलटा बघितला आणि हसल्या.

"हा माझा. तेव्हा म्या 'द' ची शेपूट लांब काढायची."

टॅब जोडला. आपोआप नवी प्रणाली येऊ नये म्हणून ती सोय मी बंद केली होती. तरी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, की काहीही विचारलं तरी 'नंतर' दाबायचं. मग एक कोरा तांब्या यंत्रात ठेवला. मावशी म्हणाल्या, "काय लिहू?" मी म्हटलं, "झुंबरबाई. धर्माबादला शब्द दिलाय."

यंत्र किर्र करत फिरलं. दुकानात आम्ही तिघंही त्या सुईकडे बघत होतो. तांब्या निघाला. मावशींनी तो मांडीवर घेतला आणि थरथरतं बोट अक्षरांवरून फिरवलं. कंपामुळे नखाचा बारीक आवाज येत होता. 'बाई' वरून, मग 'बर' वरून उलटं येत त्या 'झुं' पाशी थांबल्या.

"हा 'ब' माझा. लगीन होऊन आले तव्हाचा हाय, बघा किती सरळ. पण हा 'झ' माझा न्हाई."

"मावशी, डब्यावर पान होतं."

"देठ कोणीकडं होता?"

"डावीकडं."

"मंग तो आत्याबाईचा." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. "लेखणी तिनंच शिकवली मला. ती हातोडी-छिन्नीनं नाव घालायची. डाव्या हाताची होती. तिचं पान डावीकडं अन् माझं उजवीकडं, तिनंच सांगितलं होतं असं, म्हंजे दोघींचं एकमेकीत मिसळणार न्हाई."

"काढून टाकतो," मी म्हटलं. "दुसरा 'झ' शोधू. अजून तीन दिवस आहेत."

त्यांनी तांब्या पदरानं पुसला आणि समोरच्या फळीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवला.

"काढू नका. म्हातारपणी आत्याबाई कितीदा म्हणायची, माझ्याच्यानं आता होत न्हाई, पण मला बी बसू द्या जरा दुकानात. बसू द्या तिले."

परतीच्या गाडीत महादेवी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मी वही काढली आणि शेवटची नोंद केली : अक्षरं सहासष्ट. पासष्ट सुंदरमावशींची, एक त्यांच्या सासूचं. आकडा जुळला. सगळी उघडून पाहिली.